बेचाळिसांतला पहिला

“...आणि समोरच्याने वाढवलं, माझ्या हातात किलवरचा एक्का-पंजी आहे, तर मी त्याच्यावर पुन्हा वाढवायचं ते तिप्पट की चौपट?”

परबमास्तर पडवीत कोकमासाठी रातांबे फोडत बसले होते. उत्तर यायच्या आतच श्रेणिकने ते स्वतःच देऊन टाकलं.

“तिप्पट. एकोणिसावा व्हिडिओ.”

“मग विचारतोस कशाला?”

“पाठ आहे की नाही ते तुम्हाला कळावं म्हणून.”

मास्तरांनी रातांब्याच्या बिया एका पातेल्यात टाकल्या आणि साल दुसऱ्यात.

“कळलं,” ते म्हणाले.

श्रेणिक चौगुले मिरजेचा. घरचं रंगाचं दुकान, वडील अण्णा नेमाने मंदिरात जाणारे. सप्तव्यसनांत जुगाराचा नंबर पहिला, हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं. तरी गड्याने चांगली नोकरी सोडली आणि पोकरच्या मागे लागला. घरात महिनाभर कोणी कोणाशी धड बोललं नाही. शेवटी अण्णांनी एका वाक्यात निकाल लावला. दोन वर्षं दिली. तेवढ्यात पणजीच्या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या मेजापर्यंत पोचलास तर तू तुझा मुखत्यार, नाहीतर दुकानात बसायचं, मुकाट.

दोन वर्षं येत्या शनिवारी संपत होती. आज गुरुवार होता.

पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मेजावर उघडे पत्ते पडायच्या आधीच पहिली बोली लागते. एकाने बोली वाढवली की दुसऱ्याने तिच्यावर आणखी वाढवायचं, याला रीरेज म्हणतात. नो-लिमिटच्या खेळात या वाढवण्याला हद्द नसते, मनात आलं तर पुढ्यातलं सगळं ढकलता येतं. श्रेणिकचा जीव या रीरेजमध्ये अडकला होता. दोन पत्त्यांच्या एकशे एकोणसत्तर जोड्या त्याने एका तक्त्यात मांडल्या होत्या. रीरेज करायच्या जोड्यांना लाल रंग, टाकून द्यायच्या जोड्यांना पांढरा. रंगवाल्याचाच मुलगा तो, तक्ता देखणा झाला होता.

आणि हे सगळं तो शिकला होता परबमास्तरांच्या व्हिडिओंवरून.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. अठरा वर्षं पणजीच्या कॅसिनोच्या बोटीवर त्यांनी दुसऱ्यांना पत्ते वाटले, स्वतः तिथे एक डाव खेळले नाहीत. निवृत्त होऊन बांद्याजवळच्या आपल्या गावी आले आणि पडवीत दोन मित्रांना घेऊन चिंचोक्यांवर खेळू लागले. वाशाला सुतळीने मोबाइल टांगून ते खेळ टिपत. व्हिडिओत फक्त मेज, हात आणि आवाज. चेहरा कधीच नाही. पोकर शिकणारी पोरं त्यांना मास्तर म्हणू लागली, आणि त्यांनीही कधी हरकत घेतली नाही.

“मास्तर, माझं कुठे चुकतं?” श्रेणिकने आता खरा प्रश्न काढला. “तक्ता बिनचूक आहे. डाव सोडवून दाखवणारं सॉफ्टवेअरसुद्धा माझ्या बाजूने बोलतं. तरी दर स्पर्धेत दुसऱ्या तासाला बाहेर. दर वेळी.”

मास्तरांनी लाल झालेले हात पंच्याला पुसले.

“बस,” ते म्हणाले.

*

मास्तरांचे ते दोन मित्र, फोंडू आणि गुणाजी, सकाळी नेहमीच्या वेळेला आले. फोंडूची वाडीत सुपारी होती, गुणाजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. प्रत्येकासमोर पन्नास चिंचोके ठेवले गेले.

फोंडूने वाढवलं, श्रेणिकने रीरेज केला आणि फोंडूने पत्ते टाकले. मग गुणाजीने वाढवलं. श्रेणिकचा पुन्हा रीरेज, आणि गुणाजीनेही पत्ते टाकले.

श्रेणिकची छाती थोडी फुगली. दहा डावांत त्याने सहा वेळा रीरेज केला, आणि प्रत्येक वेळी तक्त्यातला तो चौकोन लालच होता.

“ह्यो परत वाढवता!” फोंडू हसला. सातव्या वेळी त्याने हसतहसत पुढ्यातले सगळे चिंचोके पुढे लोटले. मागे हटायचं कसं, म्हणून श्रेणिकनेही लोटले. फोंडूकडे राजांची जोडी निघाली. अकराव्या डावाला पाहुण्यापुढे चिंचोका उरला नाही.

“गणिताने माझं बरोबर होतं,” श्रेणिक म्हणाला.

“होतं,” मास्तर म्हणाले.

“मग?”

“चिंचोके कुठायत?”

श्रेणिकचे कान तापले. मिरजेहून सहा तास रात्रीच्या एसटीत आपटत तो दोन म्हाताऱ्यांकडून हरायला आला नव्हता.

“मास्तर, मी टंगळमंगळ करायला आलो नाही. तुमचे सगळे व्हिडिओ बघितलेत. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. प्रत्येक तीनदा, दुप्पट वेगाने.”

“एक्केचाळीस?”

“हो.”

मास्तरांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

“बेचाळीस आहेत.”

“तो पहिला...” श्रेणिक अडखळला. “तो मी धरत नाही. सात तासांचा आहे. त्यात काही होतच नाही.”

“किती बघितलास?”

श्रेणिकने तक्त्याची घडी घालायला घेतली.

“किती?”

“दहा मिनिटं.”

गुणाजी खाकरला. फोंडू छपराकडे बघू लागला.

मास्तर आत गेले. पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले आणि मेजाच्या पलीकडच्या टोकाला ठेवला. श्रेणिकचा मोबाइल त्याला टेकवून उभा केला, पहिला व्हिडिओ लावला. मग श्रेणिकला खुर्चीसकट मागे ओढलं, हात पोचणार नाही इतकं.

“सात तास?” श्रेणिक ओरडला. “मास्तर, परवा स्पर्धा आहे!”

“म्हणजे वेळ आहे.”

*

पहिला तास श्रेणिकने रागात काढला. पडद्यावर मास्तरांचे हात दोन पत्ते उचलत, बघत, टाकत. कधी बोली आलीच तर बोलीपुरते चिंचोके टाकत. बाकी काही नाही. त्याचा अंगठा आपसूक वेग वाढवायच्या जागी जाऊ बघे आणि मध्येच हवेत थांबे.

“तुम्ही टाकताय ते पत्ते कोणते, तेसुद्धा दाखवत नाही!”

“टाकलेले बघून काय करणार?” रातांबे फोडता फोडता मास्तर म्हणाले.

...

“अण्णा दुकानात काय करतात?” बऱ्याच वेळाने मास्तरांनीच विचारलं.

“बसतात.”

“आणि गिऱ्हाईक नसतं तेव्हा?”

श्रेणिकला गल्ल्यावरचे अण्णा आठवले. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत अण्णा सांगत, हा नुसता भाव विचारून जाणार, तो मात्र आज डबा घेऊन जाणार. त्याला ते नेहमी थापच वाटे.

“तेव्हाही बसतात,” तो म्हणाला.

दुसऱ्या तासाला करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं म्हणून तो फोंडूच्या हातांकडे बघू लागला. फोंडूला डाव खेळायचा असला की तो चिंचोक्यांच्या पाच-पाचच्या ढिगल्या लावी. खेळायचा नसला की टिचक्या मारत बसे. हे श्रेणिकला चाळिसाव्या डावाला दिसलं, आणि पन्नासाव्याला खात्री पटली. गुणाजी पत्ते चांगले आले की बोलायचं बंद करी. तीन म्हातारे, एक मेज, आणि इतका वेळ तिथे बरंच काही चाललं होतं.

आज सकाळी हे दोघे समोर बसले होते. तेव्हा तो आपल्या तक्त्याकडे बघत होता.

दुपारी मास्तरांनी पेज आणून दिली. व्हिडिओ थांबवला नाही.

“बघत बघत पी.”

चौथा तास लागला. पडद्यावर फोंडूने ढिगल्या लावल्या आणि वाढवलं. मास्तरांच्या बोटांनी दोन पत्ते उचलले. किलवरचा एक्का, कोपरा दुमडलेला. शेजारी किलवरची पंजी.

श्रेणिक ताठ झाला. हा तर एकोणिसावा! म्हणजे तो इथूनच कापून काढलेला. तो चार मिनिटांचा व्हिडिओ त्याने किती वेळा बघितला होता, त्याचं त्यालाच ठाऊक. आता मास्तरांचा आवाज येणार, ‘इथे रीरेज, तिप्पट,’ आणि व्हिडिओ संपणार.

पण इथे मास्तर काहीच बोलले नाहीत. हाताने चिंचोके पुढे सरकवले, एवढंच. आणि व्हिडिओही संपला नाही.

फोंडूचा हात ढिगल्यांवर थांबला. मग त्याचा आवाज आला, जो एकोणिसाव्यात कधीच आला नव्हता.

“तीन तास गप होतो ह्यो. आता बोललो म्हणजे कायतरी आसा.”

आणि त्याने दस्सींची जोडी उघडी टाकून दिली.

श्रेणिकने पेजेची वाटी खाली ठेवली. त्याला लाज वाटली, सरळ आणि कडकडीत. एक्का-पंजीपेक्षा दस्सीची जोडी वरचढ, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तरी फोंडूने ती टाकली होती. तो मास्तरांच्या पत्त्यांना भ्याला नव्हता, त्याने ते पाहिलेच नव्हते. आणि आपण मात्र दोन वर्षं प्रत्येक मेजावर पहिल्या डावापासून बडबडत सुटलो होतो.

उरलेले जवळजवळ चार तास त्याने हूं की चूं केलं नाही. मोबाइल हाताच्या अंतरावर असता तरी त्याने वेगाला हात लावला नसता. सात तासांत मास्तरांनी रीरेज केला तो सहा वेळा.

*

ऊन उतरलं तेव्हा फोंडू आणि गुणाजी पुन्हा आले.

श्रेणिकने पन्नास चिंचोके घेतले. पहिला डाव टाकला, दुसरा टाकला. तिसऱ्याला तक्त्यातला लाल चौकोन आला, एक्का-राजा, पण गुणाजी आधीच गप्प झाला होता. त्याने तोही टाकला. गुणाजीकडे एक्क्यांची जोडी निघाली.

पंधरा डाव झाले, मग वीस. फोंडूने त्याला दोनदा डिवचलं. “काय रे झिला, झोप इली काय?” श्रेणिक नुसता हसला.

एकतिसाव्या डावाला फोंडूने वाढवलं. चिंचोक्यांना टिचक्या मारत मारत.

श्रेणिकने आपले पत्ते पाहिले. सत्ती आणि दुर्री, एक बदामाची आणि एक इस्पिकची. साऱ्या तक्त्यात यांच्याइतका पांढरा चौकोन दुसरा नाही.

त्याने चिंचोके मोजून पुढे सरकवले. फोंडूच्या बोलीच्या तिप्पट.

टिचक्या थांबल्या. फोंडूने श्रेणिककडे पाहिलं, मग मास्तरांकडे. मास्तर वाशाकडे बघत होते.

“घे,” फोंडू म्हणाला, आणि पत्ते टाकले. “ह्यो बोललो रे बाबा.”

श्रेणिकने सत्ती-दुर्री उलटीच ठेवून पानांच्या जुडीत सरकवली. पूर्वीचा श्रेणिक असता तर ती नाचवून दाखवली असती.

पणजीची गाडी सहाला होती. त्याने पिशवी उचलली, मास्तरांच्या पाया पडला आणि खिशातून तो देखणा तक्ता काढला. क्षणभर मनात आलं, टरकवावा. मग घडी घालून परत ठेवला. तक्ता काही खोटा नव्हता.

“शनिवारी बसतो, मास्तर,” तो म्हणाला. “शेवटच्या मेजावर जाईन नाहीतर दुकानात. पण दुसऱ्या तासाला बाहेर नाही येणार.”

मास्तरांनी मान हलवली.

श्रेणिक दोन पायऱ्या उतरला. मग एकदम वळला, आणि जे दिवसभर पोटात दाबलं होतं ते बाहेर आलं.

“एक सांगा. सगळं त्या पहिल्यातच होतं. माझी दोन वर्षं तुमच्या एक्केचाळिसांत गेली. घर विसकटलं माझं. पहिला पुरेसा होता, तर बाकीचे काढलेतच कशाला?”

फोंडू आणि गुणाजी मास्तरांकडे बघू लागले.

मास्तरांनी उरलेला एक रातांबा उचलला. फोडला. बिया या पातेल्यात, साल त्या पातेल्यात.

“पहिला कोणी बघेना, म्हणून,” ते म्हणाले.