ओलं फडकं

एका राज्यात काचेची भट्टी होती, आणि ती सात पिढ्यांत एकदाही विझली नव्हती. राज्यातली सगळी काच त्याच भट्टीची. राजवाड्याच्या खिडक्या तिथल्या, देवळातल्या हंड्या तिथल्या, बायांच्या हातातल्या बांगड्याही तिथल्याच. भट्टी पेटती होती तोवर काच काच होती. ती विझली की सगळ्या काचेची पुन्हा वाळू होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं कुणी नवल करत नसे.

भट्टीवर साठ माणसं पाळीनं काम करत. भट्टीचा उजेड डोळे जाळतो. म्हणून पाळी करून आलेला माणूस बाहेर चिंचेखाली आडवा होई, आणि आधीच्या पाळीचा माणूस त्याच्या डोळ्यांवर ओलं फडकं ठेवी. आपलं फडकं आपण भिजवायचं नाही, ते दुसऱ्यानं भिजवायचं, अशी रीत. शेजारी घंगाळात भोकाची तांब्याची वाटी तरंगत असे. ती भरून बुडेपर्यंत विसावा. बुडाली की उठायचं.

मग राजानं मायाधर नावाच्या जादूगाराला भट्टीचा कारभारी नेमलं. मायाधर म्हणाला, "महाराज, ही माणसं दर पाळीला झोप काढतात." राजानं भट्टी कधी आतून पाहिली नव्हती. त्यानं मान डोलावली. त्याच दुपारी मायाधरानं वाटी उचलून नेली.

कामकऱ्यांचा एक मेळ होता. त्याची मुख्य गोदाक्का. बांगडीला जोड लावावा तर तिनंच. तिनं साठांना विचारलं, साठांनी फुंकनळ्या खाली ठेवल्या आणि सगळे चिंचेखाली जाऊन बसले. पण मेळाचा कायदा जुना होता. काम बंद ठेवायचं, आग बंद पाडायची नाही. एकानं आत राहायचं, बाकीच्यांनी आणून दिलेलं लाकूड घालायचं, नळीला मात्र हात लावायचा नाही. काड्या ओढल्या. आखूड काडी रायाजीच्या हातात आली.

रायाजी म्हातारा होता, आणि घरी त्याची वाट पाहणारं कुणी नव्हतं. बायको सगुणा जाऊन तीन वर्षं झाली होती. तिची एक हिरवी बांगडी, घट्ट होते म्हणून तिनं काढून ठेवलेली, तो कनवटीला बाळगून असे. तेवढीच त्याची सोबत.

राजा आणि मेळ बोलायला बसणार, असं मायाधराच्या कानावर गेलं. त्यानं मूठभर राख वाडा आणि चिंच यांच्या मध्ये फुंकली. तेव्हापासून राजा बोलला की मेळाला वारा ऐकू येई, आणि मेळ बोलला की राजाला लाकूड तडतडल्यासारखं वाटे. रायाजी वाड्यात नव्हता आणि चिंचेखालीही नव्हता, म्हणून त्याला दोन्हीकडचं ऐकू येई.

तो वाड्यावर गेला. म्हणाला, "महाराज, गोदाक्का म्हणते, वाटी परत द्या."

"ती म्हणते, की तू म्हणतोस?" राजानं विचारलं.

तो चिंचेखाली आला. म्हणाला, "अक्का, राजा विचारतो, हे तू म्हणतेस की मी म्हणतो."

"वाड्यावरचं ताक बरं होतं ना रे रायाजी? दरबारी बोलायला लागलास," गोदाक्का म्हणाली. माणसं हसली. रायाजीही थोडा हसला, आणि आत गेला.

मग मायाधर भट्टीच्या दाराशी आला. "राजासाठी एक सुरई फुंक. गाडीभर लाकूड पाठवतो."

"नळीला हात लावायचा नाही, असा कायदा आहे," रायाजी म्हणाला.

मायाधरानं तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर मिळालं. तेव्हा त्यानं एक कावळा चिंचेवर पाठवला. कावळा म्हणाला, "रायाजी राजासाठी सुरया फुंकतो."

"राजाच्या सुरया फुंकतो तर राजाचं लाकूड जाळू दे. आजपासून तो मेळाचा नाही," गोदाक्का म्हणाली.

लाकूड यायचं थांबलं. भाकरी कुणीतरी उंबऱ्याबाहेर ठेवी आणि मागं न पाहता निघून जाई. रायाजी एकटाच पाळी करी, आणि ती संपली की पुढची पाळीही त्याचीच. डोळ्यांची आग होई. पाण्याचा माठ हाताशी होता, फडकं खांद्यावर होतं. पण ते त्यानं स्वतः भिजवलं नाही. कोरडंच डोळ्यांवर धरून बसे आणि सगुणेशी बोले. "आज कुणी बोललं नाही गं," असं सांगे.

चाळिसाव्या दिवशी त्यानं बाज जाळली. एक्केचाळिसाव्या दिवशी घराचं दार जाळलं. त्या दिवशी कनवटीला हात लावला तर बोटांना हिरवी वाळू लागली.

तेवढ्यात तळ्यावरचा खंड्या पक्षी आत आला आणि माठावर बसला.

"रायाजी, ही राख बोलण्यानं धुतली जायची नाही," तो म्हणाला. "तीन कामं आहेत. राजाला एकट्याला इथं आण. त्याला एक पाळी भट्टीच्या तोंडाशी उभा कर. आणि मेळाच्या हातचं ओलं फडकं त्याच्या डोळ्यांवर पडू दे."

"मी भिजवलं तर?"

"तू आता मेळाचा नाहीस."

"हो, खरं आहे," रायाजी म्हणाला.

वाड्याच्या खिडक्यांतून वाळू झडत होती. राजा ती ओंजळीत धरून उभा होता. रायाजी म्हणाला, "महाराज, ही का झडते ते बघायला चला. एकटे चला."

"तिथं मला काय दिसेल?"

"कमी दिसायला लागेल, महाराज. तेच दाखवायचं आहे."

राजा आला. भट्टीच्या तोंडाशी उभा राहिला. लाकूड संपलं तेव्हा त्यानं पायातल्या चंदनी खडावा आत टाकल्या. पाळी किती वेळाची ते रायाजीच्या अंगात मुरलं होतं. ती संपेतो राजाला स्वतःचे हात दिसेनासे झाले. "पाणी," तो म्हणाला. बाहेर मेळाला वारा ऐकू आला.

रायाजी चिंचेखाली गेला. निरोप सांगायचा नाही, हे त्यानं ठरवलं होतं. तो नुसता गोदाक्कासमोर उभा राहिला.

"आता काय आणलंस वाड्यावरून?" ती म्हणाली.

गोदाक्कानं वर पाहिलं. रायाजीचे डोळे पळसाच्या फुलासारखे लाल झाले होते. मग तिची नजर त्याच्या ओठांवर गेली. चार दिवस नळी फुंकली तरी खालच्या ओठावर काळा वळ उठतो. सगळ्यांच्या ओठांवर तो होता, आता फिकट झालेला. रायाजीच्या ओठावरचाही तितकाच फिकट होता, नवा वळ नव्हता.

"तू नळीला शिवलाच नाहीस," ती हळू म्हणाली.

"कायदा होता, अक्का."

"आणि फडकं कुणी भिजवलं तुझं?"

रायाजीनं खांद्यावरचं कोरडं फडकं पुढं धरलं.

गोदाक्का उठली. तिनं दोन फडकी भिजवली. एक रायाजीच्या डोळ्यांवर बांधलं. "आत अजून कोण आहे?"

"एक पाळी केलेला माणूस आहे."

ती आत गेली. राजाला तिनं ओळखलं. मग म्हणाली, "पाळी केली त्याला फडकं मिळतं," आणि ते त्याच्या डोळ्यांवर ठेवलं. गार पाणी राजाच्या गालांवरून ओघळलं, मातीत झिरपलं, आणि राख धुतली गेली.

"बाई, ती वाटी किती वेळात बुडायची?" राजानं विचारलं.

गोदाक्काला शब्द न् शब्द ऐकू आला. "आता कळेल, महाराज. पडून राहा."

वाटी घंगाळात परत आली. ती सांभाळायची मेळानं, आणि कारभाऱ्यानं तिला हात लावायचा नाही, असं राजानं आणि गोदाक्कानं समोरासमोर बसून ठरवलं. मायाधराला त्या दिवसापासून कुणाचंच बोलणं ऐकू येईना. तो राज्य सोडून गेला. गाड्या भरून लाकूड आलं, भट्टी धडधडली आणि खिडक्यांतली वाळू झडायची थांबली.

सगुणेची बांगडी झिजून दोऱ्याएवढी बारीक झाली होती, पण अखंड होती.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी रायाजीनं मागून घेतली. ती संपल्यावर तो चिंचेखाली आडवा झाला. डोळ्यांवर गार फडकं पडलं. कुणाचा हात, ते त्यानं विचारलं नाही. घंगाळात वाटी हळूहळू भरत होती, आणि आजूबाजूला माणसं बोलत होती.