केसरची तीन नावं

सन २०१६. मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी. थंडी कडक होती.

“लेकरू खोटं बोलतंय हे ओळखायचं कसं, बाबा?”

दंडवतही न घालता विचारलं. विचारणारी केसर, आता फौजदार बाई. महानुभावांच्या याच मठात ती अक्षरं शिकली, याच बाबांपाशी. मी इथं पाणी भरतो. ऐकलं तेवढं लिहितो.

“तुझंच कधी ओळखता आलं नाही,” बाबा म्हणाले. “मठातला गूळ कोण खायचं, अजून कळलं नाही.”

“थट्टा नको, बाबा. पोर सात वर्षांची आहे. तिला कोणी छळलं, एवढंच विचारते. परवा म्हणाली, समोरचे काका. काल म्हणाली, शाळेतला शिपाई. आज म्हणते, कुणीच नाही. उद्या न्यायाधीशांसमोर जबाब आहे. तिथंही फिरली तर करणारा सुटेल. आणि त्या काकाचं दार हिच्या दारासमोर आहे...”

त्या भीतीनंच केसरनं पोरीला नि तिच्या आईला घरी ठेवलं नव्हतं. दोघी बाहेर ओसरीवर बसल्या होत्या.

“तुझं नाव काय?” बाबांनी विचारलं.

“माझं? केसर.”

“नाव काय?”

“केसर... केसर वाघाळे.”

“नाव काय?”

ती ताठ झाली. “पोलीस उपनिरीक्षक के. टी. वाघाळे.”

“तीन सांगितलीस. कुठलं लिहून घेऊ?”

“तुम्ही परत परत विचारलंत! मला वाटलं, आधीचं चुकलं, म्हणून...”

ती मध्येच थांबली.



मग केसर हळूच म्हणाली, “काल तिनं मला विचारलं होतं. ‘बाई, माझं चुकलं का?’”

“मग?”

“मी म्हटलं, प्रश्न मी विचारणार. तू फक्त उत्तर द्यायचं...”

“तिनं तीन दिली,” बाबा म्हणाले. “तुझ्याकडून तिला एक उत्तर द्यायचं राहिलंय.”

केसर उठली. ओसरीवर गेली. तिला पाहून पोर आईच्या पदराआड सरकली.

केसर तिच्यासमोर खाली बसली. गार फरशीवर.

“तुझं काही चुकलं नव्हतं गं. परत परत विचारलं, ते माझं चुकलं.”