टोपलीभर उजेड

"उद्या दुपारी बाराच्या ठोक्याला तुमच्या गावच्या विजेचा टोपलीभर उजेड माझ्यासमोर आणून ठेवा! आणलात, तर कायदा रद्द. नाही आणलात, तर वीजघराच्या किल्ल्या इथं टेबलावर!"

महाराजांनी असं फर्मावलं आणि कडेपाणीचे नगराध्यक्ष त्रिंबकशेठ मटकन खालीच बसले.

कडेपाणीला धबधबा होता. त्यावर नगरपालिकेनं स्वतःचं वीजघर उभारलं होतं. दवाखाना, पिठाची गिरणी, नळाचा पंप, सगळं त्यावर चालायचं. पण संस्थानच्या कायदेमंडळानं नवा कायदा केला: दरबारच्या लेखी हुकमाशिवाय कुठल्याही गावानं वीज सोडायची नाही! त्रिंबकशेठ चाळीस पानांचा अर्ज घेऊन राजधानीला धावले. सोबत हौसाबाईला आणलं. वीजघराला पाणी नेणाऱ्या पाटाच्या जाळीतला पाला तीच काढायची, त्यामुळं वीज कधी आणि कशानं बंद पडते, हे तिला पाठ होतं.

तिसऱ्याच पानाला महाराज पेंगायला लागले. तेव्हा हौसाबाईला राहवेना.

"सरकार, जाळीत पाला अडकला तर मी अर्ध्या तासात काढते. पन फिरून वीज सोडायला हितनं हुकूम येईस्तोवर त्या पाल्याचं खत हुईल!"

दरबारात बसलेले कायदेमंडळाचे सभासद खुदकन हसले. महाराजांना ते झोंबलं, आणि त्यातूनच ही टोपली निघाली.

"तुझ्या जिभेला हाड म्हणून नाही!" धर्मशाळेत येताच त्रिंबकशेठ कडाडले. "उजेड काय टोपलीत भरतात?"

हौसाबाईलाही तेच सलत होतं. गाव अंधारात जाणार, तेही आपल्या बोलण्यापायी! पण ती म्हणाली, "वरडा मागनं. आदी त्यो कायदा वाचून दावा."

शेठनी वाचला. सातव्या कलमाशी तिनं त्यांना थांबवलं आणि तेवढंच तीनदा वाचायला लावलं. मग ती टोपली घ्यायला बाजारात गेली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला तिनं फडक्यानं घट्ट बांधलेली टोपली महाराजांपुढं ठेवली.

"आणलाय, सरकार!"

दरबार मान उंचावून बघू लागला. "उघड लवकर!" महाराज म्हणाले.

"कशी उघडू? गावची वीज लेखी हुकमाबिगर सोडायची न्हाई. कलम सात!"

"मग देतो की हुकूम! कागद आणा!"

"त्याच्या आदी इंजिनेरसायबांचा दाखला, मग दिवाणसायबांची सही, मग शिक्का. तुमचाच कायदा हाय, सरकार. तुमीच मोडणार?"

महाराज हट्टी खरे, पण स्वतःचा कायदा मोडणं त्यांना कमीपणाचं वाटलं. इंजिनिअरसाहेबांना बोलावणं गेलं. ते जेवून वामकुक्षी घेत होते. त्यांना उठवून आणलं, तर म्हणाले, "टोपलीचा नमुना अर्ज अजून छापलेला नाही!" हातानंच अर्ज लिहिला. दाखल्यावर तारीख चुकली म्हणून दिवाणसाहेबांनी तो परत पाठवला. सही झाली, तर शिक्क्याच्या कपाटाची किल्ली घेऊन कारकून बाजारात गेलेला! महाराज सिंहासनावर चुळबुळत राहिले. शिक्का बसला तेव्हा साडेचार वाजले होते.

महाराजांनी स्वतःच फडकं ओढलं. टोपली रिकामी!

"फसवणूक!" ते गरजले. "यात उजेड कुठाय?"

हौसाबाईनं टोपलीत वाकून पाहिलं.

"बाराला होता की, सरकार! साडेचार तास सहीशिक्क्याची वाट बघत कुठला उजेड थांबतोय?"

दिवाणसाहेब पायांकडे बघू लागले. महाराजांनी रिकाम्या टोपलीत पाहिलं, हातातल्या शिक्क्याच्या कागदाकडं पाहिलं, आणि एकाएकी ते इतके मोठ्यानं हसले की त्यांच्या डोक्यावरचा मंदील घसरून टोपलीत पडला!

त्यांनी तिथंच कायद्याचा कागद फाडला. हौसाबाईच्या हाती भरजरी शेला दिला आणि दिवाणसाहेबांना म्हणाले, "यापुढं विजेचा कायदा करायचा, तर आधी गावांना बोलवा. आणि कायदेमंडळात पहिल्या रांगेत या बाईची खुर्ची मांडा!"