फणसाची फळी

“आणि एवढं करून जास्त कापली गेली तर?”

कुमुदताईंनी पेन्सिल कानामागे खोचली आणि भिवाबुवांकडे पाहिलं.

बुवा पडवीच्या पायरीवर बसून चहा बशीत ओतत होते. सारा जन्म सुतारकामात गेलेला माणूस. आता हत्यारं मुलांच्या हाती सोपवून ते भजनात रमले होते. तरी कोणी शिकवा म्हणालं, तर त्यांच्या तोंडून नाही येत नसे.

“जास्त कापली गेली तर पाट लहान होईल,” ते म्हणाले.

“आणि वाकडी कापली गेली तर?”

“वाकडा होईल.”

“थट्टा नको, बुवा. कापड असतं तर उसवून परत शिवलं असतं. लाकूड कसं उसवायचं?”

“लाकूड उसवत नाही, बाय.”

एवढं बोलून त्यांनी बशी तोंडाला लावली.

उसवण्या-शिवण्यातच कुमुदताईंची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. याच पडवीत त्यांचा शिवणक्लास चालायचा. गावातल्या निम्म्या मुली त्यांच्या हाताखालून गेलेल्या. ‘कुमुदताईंची कात्री’ म्हटलं की पुढे कोणी बोलत नसे. लेकीचं लग्न झालं, गावात तयार कपड्यांची दुकानं आली, मशिनी एकेक करून गेल्या आणि पडवी रिकामी झाली. रिकाम्या जागेत बसवेना, म्हणून त्यांनी तिथे एक जाड टेबल टाकलं, करवत, रंधा आणि कानस आणली, आणि बुवांना निरोप धाडला.

शिकायचा झपाटा मात्र दांडगा. आंब्याच्या रिकाम्या पेट्या मोडून त्यांच्या फळ्यांवर त्या हात बसवत. कापायचं, तासायचं, जोडायचं. खिडकीच्या कट्ट्यावर जोडलेल्या तुकड्यांची रांगच लागली होती. एकाही सांध्यात नख शिरत नव्हतं.

“बघितलेत का कालचे?” त्यांनी मुद्दाम विचारलं.

बुवांनी एक तुकडा उचलला, उन्हाकडे धरून पाहिला.

“झकास.”

कुमुदताई सुखावल्या.

“पण यांच्यावर बसणार कोण?” बुवा म्हणाले आणि तुकडा होता तिथे ठेवून दिला.

...

बसणार होता तो त्यांचा नातू. लेकीचा पहिला मुलगा. येत्या गुरुवारी त्याचं उष्टावण होतं. मामाच्या मांडीवर बसून तो पहिला घास घेणार होता, आणि मामा ज्या पाटावर बसणार तो पाट कुमुदताई स्वतःच्या हाताने करणार होत्या. तसं त्यांनी सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. विहीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या, “कशाला दगदग करता? आमच्याकडे शिसवी पाट आहे की.” त्यावर कुमुदताई म्हणाल्या होत्या, “तो तुमचा. हा आजीचा.”

लाकूडही साधं नव्हतं. त्यांच्या माहेरच्या परसातला फणस वादळात पडला. आईच्या हातचं सगळं त्या फणसाखाली. गरे तिथे सोलायचे, वेण्याही तिथेच घालायच्या. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. भावाने त्या झाडाची एक फळी बहिणीला पाठवली. एकच. दुसरी मागायला झाड उरलं नव्हतं.

ती फळी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून भिंतीशी उभी होती. रोज सकाळी कुमुदताई फळीवरचं लुगडं सोडत, तिच्यावर रेघ मारत, पुन्हा मोजत, रेघ खोडत, दुसरी मारत. मग फळी गुंडाळून ठेवत आणि आणखी एक आंब्याची पेटी मोडायला घेत.

“अशाने तुझा नातू पंगतीत वाढायला लागेल,” बुवा म्हणाले, “तरी पाट काही होत नाही.”

“हात थोडा बसू दे.”

“बसलाय.”

“अजून नाही. मला कळतं ना. मीपण शिकवलंय, बुवा. मुलीच्या हातात कात्री कधी द्यायची, ते मला कळतं.”

“कधी द्यायचीस?”

कुमुदताईंचा हात कानामागच्या पेन्सिलीकडे गेला.

बुवांनी बशी खाली ठेवली.

“फळी आण बघू.”

त्यांनी फळी आणली, जपून टेबलावर ठेवली, तिच्यावरचं लुगडं सोडलं. पिवळीधमक फळी. अंगभर खोडलेल्या रेघांचे काळपट डाग.

बुवांनी फळीवरून तळवा फिरवला. मग करवत उचलली. कुमुदताईंना वाटलं, दाते बघतायत.

बुवांनी फळीच्या लांब कडेवर करवत टेकवली आणि ओढली.

खर्र... खर्र.

दोन तिरक्या कापांत कडेचा तुकडा उडाला आणि दोन बोटं मावतील एवढी खोल खाच पडली. पिवळा भुसा कुमुदताईंच्या पायावर सांडला.

बुवांनी करवत खाली ठेवली.

...

परसात कोंबड्या पाचोळा उकरत होत्या, तेवढाच आवाज.

“बुवा,” शेवटी कुमुदताई म्हणाल्या. “ही माझ्या आईच्या दारची होती.”

“हो.”

“एकच होती.”

“ठाऊक आहे.”

“मग हे काय केलंत तुम्ही?”

खाचेत अडकलेला भुसा बुवांनी फुंकर मारून उडवला.

“फळी खराब झाली ना?” त्यांनी विचारलं.

“झाली.”

“मग काप.”

आणि पायरीखाली काढलेल्या वहाणा पायांत सरकवून ते निघून गेले.

कुमुदताईंना असा राग आला होता की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आपण या माणसाला रोज आलं घालून चहा दिला! फळी परत गुंडाळावी म्हणून त्यांनी लुगडं उचललं. पण गुंडाळायचं काय? जपायचं ते तर गेलंच होतं. त्यांनी लुगडं बाजूला टाकलं, पेन्सिलीने एक रेघ मारली आणि करवत लावली. ती रेघ मोजली होती, पण एकदाच.

रागात का होईना, करवत चालली. आधी अडखळली, मग लाकडाने तिला वाट दिली. फणसाचा वास सुटला. ओला, गोडसर, परसातला वास. पेट्यांच्या फळ्यांना कसलाच वास नव्हता, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. राग कुठल्या ओढीला उतरला, ते मात्र समजलं नाही. टोक सुटून खाली पडलं तेव्हा त्या चक्क गुणगुणत होत्या.

काप थोडा तिरका गेला होता. तो त्यांनी रंध्याने सरळ केला, त्यात पाट बोटभर आखूड झाला. झाला तर झाला. खाली लावायच्या दोन आडव्या पट्ट्या उरलेल्या तुकड्यातून निघाल्या. त्यातली एक जराशी जाड बसली, तिला पुन्हा तासलं. बुवांनी पाडलेली खाच काही टाळता येईना, फळी तेवढी मोठी नव्हतीच. लाकडाचा तुकडा घालून ती बुजवावी, असं आधी मनात आलं. मग तेही राहू दिलं. कानशीने खाचेच्या कडा गोल केल्या, हाताला लागू नयेत एवढ्याच. वरून खोबरेल तेल चोळलं, तेव्हा पाट हळद लावल्यासारखा उजळला.

...

गुरुवारी घर माणसांनी भरलं. मामा पाटावर बसला, त्याच्या मांडीवर भाचा. खिरीचा पहिला घास बाळाने तोंडात घेतला, दुसरा थुंकला आणि तिसऱ्यात हात घालून तो पाटावर सारवला. सगळे हसले. कुमुदताई पुसायला पुढे झाल्याच नाहीत. त्या नुसत्या बघत राहिल्या.

पुढे पानं मांडायची वेळ झाली तेव्हा विहीणबाईंनी स्वतः पाट उचलला. त्यांची बोटं आपोआप त्या खाचेत बसली. त्या थांबल्या, पाट वळवून त्यांनी कड पाहिली.

“उचलायला खोबण ठेवलीत? किती सोयीचं. आमच्या शिसवीला नाही हो असं काही.”

कुमुदताईंनी आतून खिरीची वाटी भरून घेतली आणि त्या पडवीत आल्या.

भिवाबुवा टेबलाशेजारी बसले होते. त्यांनी वाटी घेतली, एक घोट घेतला.

“वेलची बेतात पडलीय,” ते म्हणाले.

“बुवा...”

“हं?”

“एक विचारू? मी पाट बघितला नीट. तुमची खाच बरोबर मधोमध आलीय. हात घालायच्या जागी. थोडी इकडे पडली असती तर पट्टीच्या खिळ्याला आडवी आली असती. आणखी सरकली असती, तर कोपराच उडाला असता.”

बुवा खीर पीत राहिले.

“त्या दिवशी मला वाटलं, तुम्ही माझी फळी बिघडवलीत. पण तुम्हाला सगळं आधीच दिसत होतं. पाट कुठे संपणार, हात कुठे लागणार...” त्या थोड्या जवळ सरकल्या. “मनातल्या मनात मोजून कापलंत ना?”

बुवांनी वाटी खाली ठेवली. आतून बाळाच्या हसण्याचा आवाज आला, तो त्यांनी संपेपर्यंत ऐकला.

“मोजत बसलो असतो, कुमुद,” ते म्हणाले, “तर माझाही हात उठला नसता.”