हौसाचा घडीचा चाकू

हौसाचं कुणी ऐकलंच नाही. सांगून सांगून पोरीचा घसा बसला, पण एका माणसानं मान हलवली असेल तर शपथ. मला त्याचा अजून राग येतो, म्हणून तेच आधी सांगते. खरं बोलणारं लहान असलं, की मोठ्यांचे कान दगडाचे होतात.

हौसा चिमणीएवढी पोर. तिचा बा आंब्याची कलमं बांधायचा. तापात तो गेला आणि मागे राहिली आमराईच्या कडेची झोपडी, पत्रावळ्या लावणारी आई आणि एक घडीचा चाकू. सांबरशिंगाची पिवळी मूठ, इवलंसं चकचकीत पातं. मिटलं की मुठीत निजायचं, पाळण्यात बाळ निजावं तसं. हौसा तो दोरीनं कमरेला बांधून हिंडायची. बानं तिला शिकवलं होतं, पातं उघडायचं ते अंगापासून लांब धरून. काम झालं की पुसून मिटायचं. कुणाच्या हातात चाकू द्यायचा नाही, खाली ठेवायचा, मग त्यानं उचलायचा, नाहीतर भांडण होतं. "आणि राग आला ना पोरी, तर आधी चाकू खाली. मग काय ते बोल."

आमराई सगळ्या गावाची होती. झाडांना नावं होती. शेंदऱ्या, केळ्या, साखऱ्या, खोबऱ्या. उन्हाळ्यात फांद्यांवर सोन्याचे गोळे लोंबायचे आणि पोपट हिरव्या चिंध्यांसारखे उडायचे. गावाचा नेम होता, की हिरव्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. आपोआप वाळलं, तर मात्र आमराई राखणाऱ्या मुकादमानं ते विकायचं.

आणि झाडं वाळायला लागली. आधी साखऱ्या, मग केळ्या. हिरवी पानं तपकिरी झाली, पाखरं उडून गेली. बुंध्याशी गवत बाजूला केलं तर काय दिसावं? बांगडी काढावी तशी साल गोल कापून काढलेली! बाया म्हणाल्या, हे माणसाचं काम नव्हे, बागेत काहीतरी शिरलंय. भर दुपारी तिकडे कुणी पाऊल टाकेना.

हौसाला जावंच लागायचं. पळसाची पानं आणली नाहीत तर आई पत्रावळ्या कशाच्या लावणार, आणि चूल कशी पेटणार?

त्या दुपारी वारा पडला होता. पान हलत नव्हतं. सावल्या भिऊन झाडांच्या पायाशी गोळा झाल्या होत्या. आणि एकदम आवाज आला. खट!

चाकू उघडल्याचा आवाज. हौसाला तो झोपेतही ओळखू आला असता.

ती झुडपाआड बसली. खोबऱ्याच्या बुंध्याशी कुणीतरी गुडघे टेकून साल सोलत होतं, कर्र कर्र. माणूस वळला. पांढराशुभ्र सदरा, कपाळी गंध. गावाचे मुकादमकाका!

ती धावत पाराशी गेली आणि सगळं सांगितलं. गाव हसलं. पाटील म्हणाले, "केरबा मुकादम? अगं, झाडांना पोटच्या पोरासारखं जपतो तो माणूस!"

मुकादम हसला नाही. गोड आवाजात म्हणाला, "पाटील, लेकरू आहे, जाऊ द्या. पण तिच्या कमरेला काय लटकतंय तेवढं बघा."

सगळे बघायला लागले. गावातल्या एकेका गड्याच्या खिशात चाकू होता, दावं कापायला, कांदा चिरायला, पायातला काटा काढायला. पण दिसला तो पोरीचा! पाटील म्हणाले, "उद्या दिवेलागणीला हा चाकू विहिरीत टाकायचा. आणि मायलेकींनी गाव सोडायचं."

आई रात्रभर बोचकं बांधत होती आणि सोडत होती. "कुठं जायचं गं, हौसे?" एवढंच म्हणायची.

दुसऱ्या दुपारी हौसा शेंदऱ्याचा निरोप घ्यायला गेली. शेंदऱ्या सगळ्यांत जुना, बानं त्याच्याखाली तिला चालायला शिकवलं होतं. बघते तर त्याचीही साल कापलेली. आणि मुळांच्या बेचक्यात काहीतरी लुकलुकत होतं.

वीतभर परी होती ती. मोहराच्या रंगाची साडी, चतुराच्या पंखांसारखे झिरझिरीत पंख, केसांत दवाचे मणी. पण तिच्या नाजूक घोट्याभोवती लाल जखम होती, बांगडीसारखी गोल. हौसाच्या कमरेकडे बघून ती मागे सरकली.

"लोखंड आहे ना ते? मारू नको गं मला!"

"नाही गं बाई," हौसा म्हणाली. तिनं दोरी सोडली, मिटलेला चाकू लांब जमिनीवर ठेवला आणि चाकू न् परीच्या मधे स्वतः बसली. मग झग्याची कड फाडून इवल्याशा घोट्याला पट्टी बांधली. "दुखतंय का?"

"झाडाला लागलं की मला लागतं," परी म्हणाली. "माझं बळ सरत आलंय. एकाच इच्छेपुरतं उरलंय. माग."

हौसाच्या ओठांवर आलंच होतं, की गावानं मला खरं मानावं. आईचं बोचकं सुटावं. कुणीही तेच मागितलं असतं, मीसुद्धा. पण पट्टी बघता बघता लाल होत होती. हौसानं डोळे पुसले. "ही झाडं जगू दे. मग तूही जगशील."

परीचे पंख एकदा चमकले. "दिली. पण कापणं-जोडणं तुझ्या हातानं. तुझा बा जखमी झाडाला काड्यांचा पूल बांधायचा, आठवतं? आणि एक नियम आहे. आता या बागेत वाईट मनानं किंवा रागानं जो चाकू चालवील, त्याचा चाकू मिटणार नाही. तुझासुद्धा. संध्याकाळी तुझा उघडा राहिला, तर गाव काय समजेल?"

तरी तिनं चाकू उघडला, अंगापासून लांब धरून. शेंदऱ्याच्याच कोवळ्या काड्या घेतल्या, दोन्ही टोकं तिरकी तासली. एक टोक जखमेखालच्या सालीत खोचलं, दुसरं जखमेवरच्या. केळीच्या सोपटानं, खोडाच्या चिवट सालीनं, घट्ट बांधलं. आता रस पुलावरून ये-जा करू दे! मग खोबऱ्याला बांधलं, केळ्याला, साखऱ्याला.

साखऱ्याचं शेवटचं सोपट बांधलं, तेवढ्यात पाचोळा वाजला. कुणीतरी येत होतं. हौसा बुंध्याला चिकटून बसली.

खट!

मुकादम पुढच्याच झाडाची साल कापत होता आणि स्वतःशी बोलत होता, "वाळा एकदाची! कोळसेवाला थांबलाय केव्हाचा. आणि नाव त्या कार्टीचं!"

तिकडे परी कळवळली. हौसाचं डोकं तापलं. मूठ आवळली, चाकूचं पातं उन्हात लकाकलं, आणि ती उठलीच. मग बाचा आवाज कानात आला. राग आला तर आधी चाकू खाली.

तिनं चाकू गवतात ठेवला. मग रिकाम्या हातांनी पुढं होऊन ओरडली, "काका, पुरे! परी मरतेय!"

मुकादम दचकला. चाकू मिटायला गेला. मिटेना. दोन्ही हातांनी दाबला, दगडावर ठोकला, शिव्या घातल्या. मिटेचना! शेवटी उघडाच खिशात कोंबला आणि ओरडत सुटला, "धावा रे! चाकूसकट सापडली!"

गाव धावत आलं. सूर्य बुडत होता. गवतात हौसाचा चाकू उघडा पडलेला. पाटलांनी बोट दाखवलं, "आता काय सांगायचंय?"

"पाटीलबाबा, परी म्हणाली, वाईट मनानं चालवलेला चाकू इथं मिटत नाही."

"आता परी आली!" लोक हसले.

हौसानं चाकू उचलला. मिटला नाही तर? तिनं पातं झग्याला पुसलं, तळवा मागून लावला आणि दाबलं. टक. मिटला.

हसणं थांबलं. कासार भिवा थट्टेखोर होता. "बघू की माझा! बायकोवर राग काढून आलोय." खट, टक. "सुटलो!" मग पाटलांनी काढला, खट, टक. गुराख्यानं काढला, सुतारानं काढला. सगळ्या बागेत खट-टक, खट-टक.

"मुकादमकाका, तुमचा?" हौसानं विचारलं.

"मी... घरी विसरलो." त्याचा हात खिशावर घट्ट होता.

"मग खिसा कशाला दाबून धरलायस?" भिवा म्हणाला. "घामाघूम झालास की. बस जरा खाली."

"नको, बसायला नको!"

तोवर हौसाची आई, जी कधी वर मान करून बोलली नव्हती, सरळ पुढं आली. म्हणाली, "खिशातून काय डोकावतंय हो?"

पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातून पात्याचं टोक बाहेर आलं होतं. त्यावर आंब्याचा चीक लागला होता, ओला, ताजा.

पाटलांनी तो चाकू ओढून काढला, दाबून बघितला, मिटेना. आणि मग शेंदऱ्याच्या टोकावर तांबूस पालवी फुटली. साखऱ्यावर फुटली, केळ्यावर फुटली, सगळी आमराई तांब्याच्या घंट्यांसारखी झळाळली. पालवीवर परीचा चिमुकला प्रकाश उभा होता, घोटा बरा झालेला. "चाकू मिटून ठेव गं, हौसे," एवढं म्हणाला, आणि सोनेरी धूळ होऊन पानापानांत विरून गेला.

आईचं बोचकं सुटलं ते कायमचं. बाची कलमं आता हौसा बांधते, आणि आमराईची राखण मायलेकींकडे आहे.

मुलांनो, मोठ्या माणसाचं नाव एकेरी घेऊ नये. पण त्या गावात अजून कुणाचा चाकू अडकला, मिटेनासा झाला, की आमराईतली पोरं विचारतात, "कुणाचं पाप आडवं आलं?" आणि सगळे एका सुरात ओरडतात, मीही ओरडते:

केरबा!