आल्वेरबीचं पायताण

या, भिंतीच्या आडोशाला या, तिकडे तळ्यावरचा वारा लागतोय. त्या कोनाड्यात ठेवलंय ना, ते दाखवायलाच तुमची बस इथं थांबवलीय. पायताण आहे ते. एकाच पायाचं, बैलाच्या कातड्याचं, आणि एवढं मोठं की दोन माणसांचे पाय शेजारी शेजारी बसावेत. देवळात जाताना चपला बाहेर काढायची आपली रीत, आणि इथं चर्चच्या दारातच पायताण जपून ठेवलेलं. हसा, मीही हसले होते पहिल्यांदा.

मी मूळची कवठेमहांकाळची, शेवंता माने. लग्न होऊन इथं स्वीडनमध्ये, या आल्वेरबी गावात आले त्याला आता चाळीसेक वर्षं होतील. ही गोष्ट मला सासूबाईंनी सांगितली, त्यांना त्यांच्या सासूनं. खरंखोटं मला विचारू नका. असं सांगतात, एवढंच मी सांगते.

फार जुन्या काळी या तळ्यातून बोटी समुद्रावर जायच्या आणि पलीकडच्या किनाऱ्यावरची माणसं पकडून आणायच्या. हो, माणसंच. स्वीडन म्हटलं की आपल्याला बर्फ आणि स्वच्छ रस्ते दिसतात. पण या लोकांनी माणसांचा बाजार केला, गुरांच्या बाजाराला लागून केला, आणि पिढ्यान् पिढ्या केला. ज्याच्या घरी गुलाम राबतात तो मातब्बर, असा तो काळ होता.

तूर्केल हा इथला असाच एक मातब्बर शेतकरी. त्याच्याकडे पलीकडच्या किनाऱ्यावरून आणलेली एक बाई होती. आणली तेव्हा परकरी पोर, मग राबता राबताच मोठी झाली. धारा काढायच्या, शेणघाण करायची, जात्यावर बसायचं. अंगानं लहान म्हणून सगळे तिला ठेंगू म्हणायचे. तिला दुसरं काही नाव असेल, हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही म्हणे.

पुढे तूर्केल म्हातारा झाला, अंथरुणाला खिळला. धर्मगुरूनं सांगितलं, आत्म्याला शांती हवी असेल तर काहीतरी पुण्य कर. तेव्हा त्यानं चारचौघांसमोर सांगून टाकलं, की ही आजपासून मोकळी. आणि डोळे मिटले. सगळा घोळ झाला तो इथंच. कारण इथला कायदा असा, की नुसतं मोकळं म्हटल्यानं गुलाम मोकळा होत नसे. कुठल्यातरी कुळानं त्याला आपल्यात घ्यावं लागे. त्यासाठी बैल कापायचा, त्याच्या कातड्याचं पायताण करायचं, आणि सभेसमोर कुळातल्या प्रत्येकानं त्यात पाय घालायचा. शेवटी नव्या माणसानं घालायचा. मग ते माणूस त्यांचं झालं. त्याला कुणी हात लावला तर कुळ जाब विचारणार, त्यानं काही नुकसान केलं तर कुळ भरून देणार. तूर्केलनं तिला मोकळी केली खरी, पण कुणाची केली नाही. मेल्यावर आपल्याला काय मिळणार ते त्यानं पाहिलं, जगताना तिला काय लागणार ते पाहायचं राहूनच गेलं.

त्याचा मुलगा एस्कील मोठा पक्का माणूस. बापाचा शब्द त्यानं मोडला नाही हं. तो एवढंच म्हणाला, की गावसभेत विचारू. कुणी हिला आपल्यात घेतलं तर माझं काही म्हणणं नाही, नाही घेतलं तर ती माझीच. आणि धक्क्याला व्यापाऱ्याची बोट लागलेलीच होती, पूर्वेकडे माणसं विकायला निघालेली. तळं गोठायच्या आत ती सुटणार होती. त्या बोटीतून गेलेलं कुणी कधी परत आलं नव्हतं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

सभा भरली ती त्या समोरच्या टेकाडावर. कायदा सांगणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं, हिला कोण घेतंय? सगळे खाली बघत बसले. दुष्ट नव्हती हो ती माणसं, तिच्या हातचं लोणी खाल्लेली होती. पण घरात घ्यायची म्हणजे उद्या जमिनीत वाटा द्यायचा, आणि तिथं भल्याभल्यांचा हात आखडतो. आपल्याकडे काय वेगळं आहे?

तेव्हा मागून गुनवोर उठली. गावाच्या टोकाला राहणारी विधवा. तिचा एकुलता एक मुलगा होकान बोटीवर गेला आणि बुडाला, तेव्हापासून घरात ती आणि तिचा नांगराचा बैल, एवढंच. आणि गावाला आणखी एक गोष्ट माहीत होती, ती कुणी बोलत नसे. या पोरीला हाताला धरून बोटीत ओढणारा होकानच होता. त्यानंच तिला तूर्केलला विकलं, आणि त्या पैशातून आईला तो बैल घेऊन दिला.

गुनवोर म्हणाली, मी घेते. लोकांनी तिला वेड्यात काढलं. बैल कापल्यावर नांगर कोण ओढणार, स्वतः ओढणार का, असं विचारलं.  ती सरळ घरी गेली आणि तिनं बैल कापायला काढला.

 आमच्याकडे बेंदराला बैलाची शिंगं रंगवतात, पुरणपोळी चारतात. सासूबाई सांगत होत्या तेव्हा मी मधेच उठून गेले होते. त्या मागून आल्या आणि म्हणाल्या, गुनवोरलाही असंच झालं असेल, लेकाची तेवढीच एक खूण होती तिच्याकडे.

कुळात दुसरं कुणीच नाही, म्हणून गुनवोरनं पायताण मोठं शिवलं, दोघींचे पाय एकदम मावतील असं. ते घेऊन ती टेकाडावर आली. सभेसमोर तिनं आपला पाय घातला, शेजारी जागा ठेवली आणि थांबली. ती बाई जागची हलेना. धक्क्यावर बोट तयार, एस्कील हाताची घडी घालून उभा. लोकांना वाटलं, घाबरली. कुणी म्हणालं, बुद्धीच तेवढी.

गुनवोर हळू आवाजात म्हणाली, "माझ्या लेकानं तुला इथं आणलं. त्याची बहीण हो असं म्हणायला मला तोंड नाही. माझ्याशेजारी पाय ठेव, एवढंच मागते."

ती बाई म्हणाली, "पाय ठेवते. आधी माझं नाव विचार."

 इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. गुनवोरनंही नाही. म्हातारीचा चेहरा पडला, म्हणे, आणि मग तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, तुझं नाव काय?"

"मिल्दा."

कायदा सांगणाऱ्यानं ते नाव मोठ्यानं घेतलं, मिल्दा, गुनवोरची लेक. साक्षीला म्हणून साऱ्या सभेला ते पुन्हा म्हणावं लागलं, एस्कीललासुद्धा. मग तिनं पाय घातला. व्यापाऱ्याची बोट तिच्याविनाच गेली.

त्या वसंतात दोघी बायकांनी नांगर ओढला. ती तळ्याकाठची अरुंद पट्टी दिसते ना, तिला अजून दोघींचं रान म्हणतात. पुढे बऱ्याच काळानं राजानं कायदा करून इथली गुलामी मोडली. आणि एवढं सगळं होऊनही याच देशानं नंतर समुद्रापारच्या एका बेटावर माणसं विकलीच. हे मी मुद्दाम सांगते. गोष्ट गोड लागली म्हणून तेवढीच गिळू नये.

आजही गावात कुणी नवं आलं, सून म्हणा, दत्तक मूल म्हणा, की ते या दारात उभं राहतं आणि गावातल्या कुणाच्या तरी शेजारी यात पाय घालतं. परवा युद्धातून पळून आलेलं एक कुटुंब उभं होतं. पायताण फाटतं, गाव ते पुन्हा शिवतं, जुना एक तुकडा मात्र आत ठेवतात. मी आले तेव्हा जीभ वळत नाही म्हणून सगळ्यांनी माझं शेवी करून टाकलं होतं, आणि मीही गप्प बसले होते. या दारात धर्मगुरूंनी नाव विचारलं. मी सांगितलं. साऱ्या गावानं ते म्हटलं, शेवंता, मोडकंतोडकं पण पुरतं. माहेर सोडल्यापासून कुणी ते तसं घेतलं नव्हतं. मी रडले, काय लपवायचं त्यात. शेजारी सासूबाईंचा पाय होता.

त्या गेल्यापासून शेजारचा पाय माझा असतो. पाहुण्यांनाही मी तसंच सोडत नाही. चला, उजवी चप्पल काढा. काकू, तुम्ही पुढे या. थांबा, पाय नंतर. आधी नाव सांगा.