महाराजांचा पहिला घास

शूरसेन महाराज गरजले, "मालविकाबाई, युवराजांनी आज भाजी खाल्ली नाही, तर उद्या तुम्ही राज्याबाहेर!"

युवराजांना शिकवणारी मालविका शांतपणे म्हणाली, "जशी आज्ञा."

राजवाड्याची रीत अशी, की महाराज पहिला घास ज्याचा घेतील त्यानेच सगळ्यांनी सुरुवात करायची. महाराज रोज जिलबी उचलत आणि युवराज जिलबीवरच पोट भरत. आज मालविकेने प्रत्येक पानात फक्त कारल्याची भाजी वाढली.

"जिलबी कुठे आहे?"

"महाराज, मी दिवसभर शिकवते ते आपण एका जिलबीने पुसता. हद्दपार कोणाला करायचं, मला की जिलबीला?"

तोंड वाकडं करत महाराजांनी कारलं गिळलं. मागोमाग युवराजांनीही घास घेतला आणि हुकूम सोडला, "आबासाहेब, पानात टाकायचं नाही!"